मसाई मारात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाताना

केनियातल्या मसाई मारात प्राणी शोधण्यात दिवस जात नाही. ताडोबात वाघाची एक झलक मिळावी म्हणून सफारीमागून सफारी केलेल्या माणसाला इथे पहिल्याच सकाळी सिंहांचा अख्खा कळप उघड्या माळावर पसरलेला दिसू शकतो, पलीकडे जिराफ, त्यांच्यामागे हत्ती. मग बोट बटणावरून उठत नाही. संध्याकाळपर्यंत कार्डात हजारभर फोटो जमतात आणि बरेचसे एकाच साच्यातले निघतात: फ्रेमच्या मधोमध उभा प्राणी, डोक्यावरून आलेलं कडक ऊन, मागे दुसऱ्या गाडीचं चाक.

इथे चांगला फोटो मिळतो तो एका प्राण्यापाशी बराच वेळ थांबल्याने आणि उजेडाच्या योग्य बाजूला उभं राहिल्याने. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी बुकिंग करतानाच ठरून जातात. म्हणून सुरुवात कॅमेऱ्यापासून करत नाही.

हंगाम आणि मुक्काम

मसाई मारा राष्ट्रीय अभयारण्य साधारण १५१० चौरस किलोमीटरचं आहे आणि दक्षिणेला ते टांझानियाच्या सेरेंगेटीला जोडलेलं आहे. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (गवत खाणारे मोठे, दाढीवाले कुरंग) आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व गॅझेल (छोटी, चपळ हरणं) वर्षभर या सगळ्या प्रदेशात पावसामागे, कोवळ्या गवतामागे फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात ते मारात असतात आणि मारा नदी ओलांडण्याची ती प्रसिद्ध दृश्यं तेव्हाच दिसतात. गर्दीही तेव्हाच असते. प्रवेश शुल्कही तेव्हा जास्त: २०२४पासून परदेशी प्रौढ पर्यटकासाठी जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. हे दर बदलतात, बुकिंगच्या वेळी पुन्हा विचारून घ्या.

पहिल्यांदाच जात असाल आणि मुख्य ओढ फोटोंची असेल, तर माझा कौल जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीला आहे. गवत आखूड असतं, त्यामुळे चित्ते आणि सिंह पायांसकट दिसतात. गाड्या कमी असतात. याच दिवसांत सीमेपलीकडे, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्डुटूच्या माळांवर विल्डबीस्टची वीण सुरू असते. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. आकाश सुंदर असतं, पण रस्त्यांवर गाडी रुतते. जूनमध्ये गवत इतकं वाढलेलं असतं की बसलेल्या सिंहाचे फक्त कान दिसतात.

एका आठवड्यात चार उद्यानं दाखवणारी सहल फोटोंसाठी घेऊ नका. नैरोबीहून मारापर्यंतच रस्त्याने पाच-सहा तास जातात. असा प्रवास दर दुसऱ्या दिवशी झाला की सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड हमरस्त्यावरच संपतो. एका जागी सलग राहिलात तर कोणता कळप कुठे आहे, कुठल्या चित्तिणीला पिल्लं आहेत, हे रोज थोडंथोडं कळत जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही शोधत नाही, भेटायला जाता. जोडीला दुसरं ठिकाण हवंच असेल तर केनियातलंच अंबोसेली उद्यान घ्या. हत्ती आणि मागे किलिमांजारो, ५८९५ मीटरचा. मात्र हा डोंगर पहाटे आणि कधीकधी सूर्यास्ताच्या सुमाराला ढगांतून बाहेर येतो, दिवसभर झाकलेलाच असतो.

राहण्याची जागा निवडताना एक फरक समजून घ्या. मुख्य अभयारण्याला लागून मसाई लोकांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेली क्षेत्रं आहेत: मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी. तिथे मुक्काम महाग पडतो, पण गाड्यांची संख्या मर्यादित असते आणि वाट सोडून गाडी नेण्याची परवानगी असते. मुख्य अभयारण्यात वाट सोडायला मनाई आहे. परवडत असेल तर लेन्सवरचे पैसे वाचवून ते इथे लावावेत, असं मला ठामपणे वाटतं.

गाडी

टूर कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न: एका गाडीत किती माणसं? प्रत्येकाला खिडकी देतो, या उत्तरावर समाधान मानू नका. प्राणी डावीकडे असला की उजव्या खिडकीवाला काय करणार? मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गटांमध्ये सहा-सात जण एका गाडीत असणं नेहमीचं आहे. फोटोंसाठी तिघं, फार तर चौघं, म्हणजे प्रत्येकाला आसनांची एक पूर्ण ओळ मिळते आणि इकडून तिकडे सरकता येतं. शक्य असेल तर चार मित्रांनी मिळून अख्खी गाडी ठरवावी. त्याचा दुसरा फायदा अधिक मोठा: झोपलेल्या बिबट्यापाशी दोन तास बसायचं की नाही, यावर अनोळखी माणसांशी वाद होत नाहीत.

मारात बहुतेक लँड क्रूझरचं छप्पर वर उचललं जातं. उभं राहून त्यातून फोटो काढायला सगळ्यांनाच आवडतं, पण त्या उंचीवरून प्राणी खाली दाबल्यासारखा येतो आणि पार्श्वभूमीला नुसतं गवत राहतं. प्राणी जवळ असेल तर आसनावर बसा आणि खिडकीतून काढा. कॅमेरा प्राण्याच्या नजरेच्या जितका जवळ, तितकी मागची झाडी दूर आणि धूसर होत जाते, सिंहाचा चेहरा आकाशरेषेवर येतो. छपरातून काढायचं ते उंच गवतातलं, लांबचं, किंवा कळपाचा पसारा दाखवायचा असेल तेव्हा.

सामान

लेन्स ४०० मिलिमीटरपर्यंत पोचणारी हवी. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स ही जोडी पहिल्या खेपेला उत्तम. १५०-६०० किंवा २००-६०० असेल तर पक्ष्यांसाठी सोय होते, पण मारात हत्ती आणि सिंह इतके जवळ येतात की १५० मिलिमीटरसुद्धा जास्त वाटतं. म्हणून दुसऱ्या बॉडीवर (म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर) २४-१०५सारखी लेन्स लावून ठेवा. दुसरी बॉडी भाड्याने घ्या, मित्राची मागून घ्या, ती नसेल तर चांगला मोबाइल हाताशी ठेवा. गाडीत लेन्स बदलणं मात्र टाळा. मारातली धूळ अतिशय बारीक असते आणि एकदा सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोच्या आकाशात डाग उमटतात. धावत्या गाडीत कॅमेरा सुती पंचाखाली झाकून ठेवायचा. हवेचा फुगा आणि मऊ ब्रश रोज रात्री वापरायचा.

ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत तो उभाच राहत नाही. त्याऐवजी बीनबॅग. रिकामी पिशवी न्यायची आणि नैरोबीत तांदूळ किंवा मका घेऊन भरायची. परतताना धान्य तिथेच कोणाला तरी देऊन टाकायचं. काही गाड्यांत बीनबॅग ठेवलेल्या असतात, आधी विचारा. लेन्सला भक्कम टेकू मिळाला की निम्मी धूसरता तिथेच जाते.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मारात जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी हातातल्या पिशवीसकट १५ किलोचीच मुभा असते आणि पिशवी मऊ लागते, चाकांची कडक बॅग चालत नाही. कॅमेऱ्याचं वजन धरून कपडे ठरवा. बॅटऱ्या आणि पॉवर बँक नेहमी हातातल्या सामानात. केनियात ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, तेव्हा अडॅप्टर न्या. बऱ्याच तंबूंमध्ये वीज ठरावीक वेळीच असते, म्हणून किमान तीन बॅटऱ्या. महागडी उपकरणं नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, परतताना प्रश्न येत नाही. आणि पीतज्वराची लस: ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं आणि केनियातून भारतात परतताना ते दाखवावं लागतं.

कपडे मातकट, खाकी, फिकट हिरवे. गडद निळा आणि काळा रंग त्सेत्से माश्यांना खेचतो. टांझानियातल्या सेरेंगेटी-तारांगिरे उद्यानांकडे जाणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा. सैनिकी छापाचे कपडे मुळीच नकोत, झांबिया, झिम्बाब्वे, युगांडासारख्या देशांत त्यांना बंदीच आहे. आणि विषुववृत्ताजवळ जातोय म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे. पहाटे उघड्या छपराच्या गाडीत बोटं गारठतात आणि कॅमेऱ्याची चाकं फिरवता येत नाहीत.

निघण्यापूर्वीचा महिना

कॅमेऱ्याची बटणं न बघता सापडली पाहिजेत. त्यासाठी घराजवळ खूप काही आहे. इमारतीवर घिरट्या घालणाऱ्या घारी, शेतात गुरांमागे फिरणारे बगळे, रस्त्यावरून धावणारी कुत्री. पुण्याकडचे असाल तर हिवाळ्यात भिगवणला जा: उडणारे रोहित (फ्लेमिंगो) आणि त्यांच्यावर झडप घालणारे शिकारी पक्षी, यांहून चांगली शाळा नाही. पांढरा बगळा भर उन्हात आणि काळी म्हैस सावलीत, दोघांचेही बारकावे राखून फोटो काढता आले की मारातला प्रकाश अवघड जाणार नाही.

कॅमेरा असा लावून ठेवा: मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, सर्वांत मोठं, एफ ५.६ किंवा ६.३. शटर स्पीड तुमच्या हातात. उभ्या प्राण्याला १/५०० सेकंद, चालत्याला १/१०००, धावत्याला १/२०००, उडत्या पक्ष्याला १/२५०० किंवा त्याहून जास्त. पहाटे आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर जाईल, जाऊ द्या. फोटोतला दाणा नंतर सॉफ्टवेअरने कमी होतो, हललेला डोळा कशानेच सरळ होत नाही. फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात काढा.

फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा आणि प्राण्याचे डोळे ओळखण्याची सोय असेल तर चालू ठेवा. गवताआड बसलेल्या प्राण्याला मात्र कॅमेरा फसतो, पुढच्या काडीवर फोकस करतो. तेव्हा एका बिंदूवर येण्यासाठी एक बटण राखून ठेवा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करण्याचं चाकही बोटाखाली हवं: काळपट विल्डबीस्ट किंवा रानम्हैस फ्रेमभर असेल तर उणे बाजूला, प्राणी आकाशासमोर असेल आणि त्याचे तपशील हवे असतील तर अधिक बाजूला.

ड्रायव्हरशी बोलणं

तुमचा ड्रायव्हर-गाइड हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस. पाहुण्यांना ‘बिग फाइव्ह’ (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) दाखवले की ते खूश होतात, हा त्याचा रोजचा अनुभव असतो. तुम्हाला वेगळं काही हवंय हे सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार? पहिल्याच संध्याकाळी शांतपणे सांगा: यादी पूर्ण करायची घाई नाही. एका प्राण्यापाशी थांबायला आवडेल. गाडी सूर्य आपल्या पाठीशी किंवा बाजूला येईल अशी लावा. थांबल्यावर इंजिन बंद करा. इंजिनाची थरथर लांब लेन्समध्ये स्पष्ट दिसते, आणि ते बंद झालं की प्राणीही सैलावतात. गाडीत आपणही हलायचं नाही. शेजारचा एक जण उठला की गाडी डोलते आणि सगळ्यांचे फोटो जातात.

रेडिओवर स्वाहिलीत बोलणं चालू असतं. सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, दूमा चित्ता, कीफारू गेंडा. तो काय ऐकतोय हे विचारत जा. कुठे जायचं आणि कुठे नाही, हा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला चांगला. वीस गाड्या जमलेल्या बिबट्याकडे न जाता एकट्या जिराफापाशी थांबणं फोटोंच्या दृष्टीने बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं.

त्याच्यावर जवळ जाण्यासाठी दबाव मात्र कधीही आणू नका. नियम मोडल्याचा दंड आणि नाव खराब होण्याचा धोका त्याला असतो, आपण चार दिवसांनी विमानात बसतो.

पहाट आणि थांबणं

विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपासच उगवतो आणि साडेसहाच्या आसपासच मावळतो. तो जवळपास सरळ वर चढतो, त्यामुळे सोनेरी उजेड आपल्याकडच्या हिवाळ्यासारखा रेंगाळत नाही; आठ-साडेआठला ऊन कडक व्हायला लागतं. नाश्ता डब्यात बांधून घ्या आणि फाटक उघडताच आत असा. हॉटेलात खाऊन साडेसातला निघणाऱ्या गाडीने दिवसातला सर्वांत सुंदर तास गमावलेला असतो.

सूर्य क्षितिजावर असताना त्याच्या दिशेने तोंड करूनही फोटो काढून पाहा. सिंहाच्या आयाळीला, हत्तीच्या कानांना, विल्डबीस्टच्या दाढीला उजेडाची कड येते. मागे गडद झाडी असेल तर ही कड झळकते. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप उणे करा (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड).

आता थांबण्याबद्दल, कारण सगळं इथेच आहे. सिंह दिवसातले वीस तासांपर्यंत झोपून किंवा पडून काढतात, म्हणून लोक दोन मिनिटं बघून निघून जातात. पण झोपलेला कळप उठण्याआधी खुणा देतो. एक सिंहीण जांभई देते, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. जांभया लागोपाठ येऊ लागल्या की कॅमेरा उचला. उठल्यावर त्या एकमेकींच्या डोक्याला डोकं घासतात, पिल्लं आईच्या अंगावर चढतात. कळपाचे सर्वांत बोलके फोटो या पाच-दहा मिनिटांत मिळतात. चित्ता वारुळावर चढून एकाच दिशेला टक लावून पाहू लागला, त्याची मान खाली गेली आणि पावलं आखडली, की शटर १/२०००च्या वर न्या आणि झूम थोडा कमी करा. शिकार सुरू झाल्यावर फ्रेम फार घट्ट असेल तर प्राणी बाहेर निसटतो. झाडावर गॅझेलचं अर्धं खाल्लेलं धड लटकताना दिसलं तर बिबट्या आज ना उद्या तिथे परत येण्याची शक्यता मोठी. शिकारी पक्षी उडण्याआधी बऱ्याचदा विष्ठा टाकतो आणि पुढे झुकतो. लायलॅक-ब्रेस्टेड रोलर, म्हणजे आपल्या नीलपंखाचा आफ्रिकन भाऊबंद, एकाच फांदीवरून उडून पुन्हा तिथेच येऊन बसतो. एक उड्डाण हुकलं तर गाडी हलवू नका, पुढचं येतंच.

हत्तींच्या बाबतीत चेहऱ्याच्या मागे लागू नका. कातडीच्या सुरकुत्या, सोंडेचं टोक, आईच्या पायांमधलं पिल्लू, असे तुकडेही काढा. उलट झेब्र्यांचे कळप आणि एकुलतं एक बाभळीचं झाड दिसलं की छोटी लेन्स उचला. मारा म्हणजे माळ आणि आकाश. घरी आल्यावर बघणाऱ्यांना ती जागा दिसली पाहिजे, आणि नवखे लोक नेमके हेच फोटो काढायचे विसरतात.

नदीवर

जुलै-ऑक्टोबरमध्ये नदीवर जात असाल तर अख्खा दिवस त्याला द्यायची तयारी ठेवा. हजारो विल्डबीस्ट काठावर येतात, तासभर घुटमळतात, एक झेब्रा पाण्याला तोंड लावतो आणि काहीही न घडता सगळे माघारी फिरतात. गाड्यांनी काठापासून दूर थांबायचं आणि कळप पाण्यात उतरू लागल्यावरच पुढे यायचं. घाईने पुढे सरकलेली एकच गाडी सगळा कळप उधळून लावू शकते. सुरुवातीची काही मिनिटं १/२००० वर उड्या आणि पाण्याचे तुषार टिपा. मग शटर १/३० पर्यंत खाली आणा आणि धावणाऱ्या एका प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवत राहा. पन्नासातला एखादाच जमेल, पण त्यात डोकं स्थिर आणि बाकी सगळं वाहत असेल. तिसरी गोष्ट म्हणजे पूर्ण दृश्य: धूळ, काठ, पाण्यातली रांग, वाट पाहणाऱ्या मगरी.

दुपारी

अकरा ते तीनच्या दरम्यान तापलेल्या माळावरची हवा थरथरते. लांबचा चित्ता कितीही महागड्या लेन्समधून लिबलिबीतच येणार, तो दोष कॅमेऱ्याचा नाही. दूरचं काही काढू नका. डबक्यातले पाणघोडे, चिखलात लोळणारे हत्ती, सावलीतली माकडं असे जवळचे विषय घ्या, किंवा परत येऊन झोपा. संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकत असताना जिराफ किंवा बाभूळ आकाशासमोर येईल अशी गाडी लावून घ्या. आकाशावर एक्स्पोजर धरा, प्राण्याचे पाय एकमेकांत मिसळलेले नाहीत ना बघा, आणि काढा.

अंतर

अभयारण्याच्या पश्चिमेकडच्या मारा ट्रँगल भागात एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या आणि किमान २५ मीटर अंतर असा नियम आहे. जिथे कोणी बघत नाही तिथेही तो पाळा. मसाई मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात चित्तिणीच्या एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगली, पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात ०.२. गाड्यांच्या गराड्यात तिची शिकार हुकते, पिल्लांकडे परतायला उशीर होतो. चित्तीण शिकारीच्या पवित्र्यात असेल तर तिच्या आणि गॅझेलच्या मध्ये गाडी जाता कामा नये, आणि पिल्लं अगदी लहान असतील तर दोन-चार फोटो घेऊन निघून जावं. ड्रोन परवानगीशिवाय उडवायला बंदी आहे. प्राण्यांना हाक मारणं, टाळ्या वाजवणं, गाडीवर थापा मारणं हे कुणी करत असेल तर त्याला थांबवा. मसाई माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

रोज रात्री

जेवणाआधी दोन्ही ठिकाणी प्रती करा, लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर. कार्ड तोवर पुसू नका. गाडीत बसून फोटो खोडत बसणंही टाळा, नेमकं तेव्हाच समोर काही घडतं. त्या दिवसाचे फोटो मोठ्या पडद्यावर एकदा बघा: शटर कमी पडलं का, पाय कापले गेले का, क्षितिज तिरकं आहे का. दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती तिथेच ठरते. शक्य असेल तर चांगले चार फोटो ड्रायव्हरला दाखवा. तुम्हाला काय हवंय हे त्याला शब्दांपेक्षा त्यातून लवकर समजतं आणि दुसऱ्या सकाळी गाडी आपोआप योग्य जागी उभी राहते.

गेंड्याचा फोटो मिळाला असेल तर तो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी फाइलमधली जीपीएस नोंद काढून टाका आणि ठिकाणाचं नाव लिहू नका. शिंगांसाठी शिकार करणारे ही माहिती वापरू शकतात. मोबाइलने काढलेल्या फोटोंत ही नोंद सहसा आपोआप होते, म्हणून सफारीला निघतानाच कॅमेरा ॲपमधली लोकेशनची परवानगी बंद करून ठेवा.